चौदाव्याचं गोड

आईचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भावानं, मच्छिंद्रनं, मला हॉटेलात जेवायला नेलं.

आमच्याकडे चौदाव्या दिवशी दुखवट्याच्या घरात गोड करतात. तेवढे दिवस घरातल्या कुणी गोडाला हात लावलेला नसतो. त्या दिवशी जवळच्या माणसानं एक घास भरवला की दुःख सुटलं असं धरतात, आणि लेकीबाळी आपापल्या घरी जायला मोकळ्या होतात. हे सगळं घरातच होतं, चुलीपुढे. हॉटेलात झालेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

"आक्का, घरात साखर न्हाई," मच्छिंद्र सकाळी म्हणाला. त्याच्या भादरलेल्या डोक्यावर बारीक खुंट आले होते आणि तो सारखा त्यावरून हात फिरवत होता. "रेशनची हुती ती पाव्हण्यांनी संपवली. पानी तर तू बघतीच हायेस. फाट्यावर सहादेवनं नवं हॉटेल टाकलंय. तिथंच गोड करू. तुझी यष्टी बी तिथूनच हाय."

"बरं," मी म्हणाले.

"भाऊसाहेब बी तिथंच यायचेत दुपारच्याला. तेवढं कागदाचं बी उरकून जाईल."

भाऊसाहेब म्हणजे तलाठी. कागद कसला ते सांगायची गरज नव्हती. घोडेगावच्या पुढे आठ मैलांवर आमचं गाव, आणि गावाच्या उत्तरेला विहिरीचा मळा, अडीच एकर. वडील गेल्यावर बाकीची जमीन मच्छिंद्रच्या नावावर झाली आणि मळा आईच्या. आता आईमागे वारस म्हणून आम्ही दोघं लागणार होतो, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी जबाब द्यायचा होता की मला काही नको, भावाचं एकट्याचं नाव लावा. बहिणीनं हा जबाब दिला की भाऊ साडीचोळी करतो, दिवाळीला न्यायला येतो. नाही दिला की येत नाही. माझ्या शाळेतल्या मुलींना मी नागरिकशास्त्रात वारसाचा कायदा शिकवते. मुलीचा हिस्सा किती, हे त्यांच्याकडून पाठ करून घेते. तरीही मी सही करणार होते. माझं लग्न दोन वर्षांत मोडल्यावर आईनंच मला नगरच्या ट्रेनिंग कॉलेजात घातलं होतं. सावेडीला माझी एक खोली आहे, पगार आहे, पुस्तकं आहेत. अडीच एकर घेऊन मी काय करणार होते? आई गेली होती. निदान जायला एक घर राहावं, एवढंच मला हवं होतं. पिशवी भरताना पेनमध्ये शाई आहे का तेही मी पाहून घेतलं.

गावापासून फाटा मैलभर. त्र्याहत्तरचा एप्रिल होता. रस्त्याच्या दुष्काळी कामावर बायका खडी फोडत बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघी आईच्या ओळखीच्या. मला पाहून त्यांचे हातोडे थांबले. एकीनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच पुन्हा दगडाला लागली, कारण मुकादम पाहत होता.

सहादेवचं हॉटेल पत्र्याचं होतं, पण नवंकोरं. पुण्यात कुणा उडप्याकडे आठ वर्षं काम करून तो परत आला होता. सनमायक्याची सहा टेबलं, भिंतीला आरसा, आरशावर लाल अक्षरांत 'आपले सहर्ष स्वागत', त्याखाली 'पाणी जपून वापरा'. एक पंखा. गल्ल्यावर ट्रान्झिस्टर लावलेला. जेवणाची वेळ असल्यानं ट्रकचे ड्रायव्हर, बाजाराला निघालेले बैलांचे व्यापारी, दोन मास्तर, अशी बरीच माणसं होती. सगळे पुरुष.

"या ताई, या," सहादेव गल्ल्यावरून उठून आला. "आईचं ऐकलं. वाईट झालं. तुमची सोय आत केलीया. फॅमिली रूम हाय आपल्याकडं. नगर सोडलं तर ह्या रोडला कुनाकडं न्हाई."

फॅमिली रूम म्हणजे हॉटेलच्या कोपऱ्यात हिरवा पडदा टाकून केलेला आडोसा. आत एक टेबल, दोन खुर्च्या, सोडा वॉटरच्या रिकाम्या खोक्यांची चळत आणि गेल्या सालचं कॅलेंडर. पंख्याचा वारा तिथवर येत नव्हता.

"मी तुमच्याबरोबरच बसते," मी मच्छिंद्रला म्हणाले.

"चार लोकात?" त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "बस आत निवांत. आमी हे बाहेरच हाय की, पडद्याला लागून. भाऊसाहेब आले, जेवनं झाली, की कागद तुला आत आनून देतो. भायेर यायची बी गरज न्हाई."

वाद घालण्याचं त्राण नव्हतं. मी आत जाऊन बसले.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खालून मला बाहेरच्या टेबलाखालचे पाय दिसत होते. मच्छिंद्रच्या रबरी चपला. मग तलाठी आला, त्याचे पॉलिश केलेले बूट. आणि थोड्या वेळानं आमचे चुलते गहिनीनाथतात्या, त्यांच्या टायरचे तळ ठोकलेल्या वहाणा. तात्या साक्षीदार म्हणून आले होते. तात्यांना दहा वर्षांपासून फार कमी ऐकू येतं. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हेही त्यांना कळत नाही. ते कुजबुजतात तेव्हा शेजारच्या वाड्यातली कुत्री उठतात, असं आई म्हणायची.

सहादेवनं माझं ताट आणलं. स्टीलचं, कप्पे पाडलेलं. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, आमटी, भाताची मूद, पापड, आणि एका कप्प्यात शिरा, वर एकच बेदाणा. पाण्याचा एक पेला.

"गव्हाची पोळी हाय ताई," तो म्हणाला. "रेशनच्या तांबड्या मिलोचं पीठ आपल्याकडं शिवायचं न्हाई. शिरा बी शुद्ध तुपातला."

आई कधी हॉटेलात जेवली नव्हती. घोडेगावच्या बाजाराला जायची तेव्हा फडक्यात भाकरी बांधून न्यायची आणि हॉटेलासमोरच्या लिंबाखाली बसून खायची. समोरून आम्हा दोघांसाठी भज्यांचा पुडा घ्यायची, स्वतः चव पाहायलासुद्धा एक उचलायची नाही. हे ताट पाहून ती काय म्हणाली असती ते मला माहीत होतं. "एवढे कप्पे कशाला गं? एकाला एक लागलं तर काय भांडतंय का?" मी पोळीचा तुकडा मोडला. भाजीत मीठ बरोबर होतं. चौदा दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागल्याचं जाणवलं, आणि त्याची लाजही वाटली.

बाहेर त्यांचं सुरू झालं होतं.

"सहादेव, शिरा लावू नको मला," तलाठी म्हणत होता. "डॉक्टरनं साखर बंद केली आहे."

"सरकारनंच बंद केलीय की सगळ्यांची, भाऊसाहेब. तुमाला डाक्टर कशाला लागला?" मच्छिंद्र म्हणाला, आणि दोघं हसले.

"काय म्हनले?" तात्या.

"साखर! बंद हाय म्हनले!"

"मग मला दे त्यांचा शिरा."

मीसुद्धा हसले असते. एरवी तात्यांमुळे आमच्या घरात फार हसू व्हायचं. तात्यांशी बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यामुळे त्यांच्यासमोर कुणाचं काही गुपित राहत नाही. गावातली निम्मी भांडणं त्यापायी झालेली.

मग तात्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे त्यांना तसं वाटलं.

"मच्छिंद्रा, बनी सही करंल ना रं नक्की?"

"करंल, तात्या. हळू. आत बसलीय."

"आँ?"

"आत बसलीय ती!"

"मग बसू दे की. जेवतीय ती." पडदा म्हणजे तात्यांना भिंतच होती. बाई पलीकडे गेली, संपलं. "न्हाई, शिकलेली हाय म्हनून इचारतो. पर तू बी शानाच म्हनायचा. तवा बोलावलं असतंस तर आज हा कागद झाला नसता बग."

"तात्या, जेवा."

"बोलावली असती, तर म्हातारीला नगरला नेली असती का न्हाई तिनं? दवाखान्यात नेली असती अन् तिथनंच कचेरीत. एकदा अंगठा पडला की गेला मळा. ह्ये शिकलेल्या बायांचं काय खरं न्हाई."

पोळीचा तुकडा माझ्या हातात होता. तो तसाच राहिला.

"तात्या, तुम्ही पण," तलाठी हसत म्हणाला. "अहो, हळू जरा."

"हळूच बोलतोय की. म्या म्हनतो, एकवीस दिस काडले वैनीनं. एकवीस. आमची मालकीन रोज बसाया जायची. रोज येकच, 'बनीला बोलवा, बनीला बोलवा.' मालकीन मला म्हनली, आवं मच्छिंद्रला सांगा, कार्ड तरी टाक म्हनावं पोरीला..."

"टाकलं हुतं कार्ड!" मच्छिंद्र ओरडला. तात्यांना ऐकू जावं म्हणून ओरडावंच लागलं त्याला. "टाकलं हुतं म्या, तात्या!"

"व्हय, टाकलंस की. मीच न्हेऊन टाकलं पेटीत. पर त्यात तू लिवलंस काय, आई खुशाल हाय!" आणि तात्या हसले. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पुतण्यानं बैलाच्या सौद्यात व्यापाऱ्याला गुंडाळला असता तरी ते असेच कौतुकानं हसले असते.

ते कार्ड मला मिळालं होतं. होळीच्या चार दिवस आधी. 'आई खुशाल आहे. काळजी नसावी. तुझ्या शाळेच्या परीक्षा उरकून सवडीने यावे.' मी त्या होळीला घरी जायचं ठरवलं होतं. अकरावीच्या मुलींची बोर्डाची परीक्षा चालू होती आणि माझी सुपरव्हिजन होती, तरी मुख्याध्यापिकाबाईंना सांगून दोन दिवसांची रजा मिळाली असती. कार्ड आलं आणि मी रजेचा अर्ज लिहिला नाही. होळीच्या दिवशी मी खोलीत बसून एक जाड कादंबरी वाचून संपवली. चांगली होती. ते कार्ड मी त्या कादंबरीत खूण म्हणून घातलं होतं.

आणि होळीनंतर पाच दिवसांनी पहिल्या गाडीनं माणूस आला. मला सांगितलं ते असं: दोन दिवस ताप आला, तिसऱ्या दिवशी पहाटे गेली, कळवायला सवडच मिळाली नाही. मी ते मानलं. चौदा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी स्वतः ते सांगितलं. "दोनच दिवस. त्रास नाही झाला तिला." त्या बायांनी माझ्याकडे कसं पाहिलं, ते मला आता आठवायला लागलं. एकीनंही काही म्हटलं नाही. मच्छिंद्र समोर असायचा.

नगरहून आमच्या फाट्याला दिवसाला चार गाड्या येतात. एकवीस दिवसांत चौऱ्यांशी.

मी उठले नाही. राग आला की लोक उठतात, असं पुस्तकांत असतं. माझं डोकं फार स्वच्छ झालं होतं. मी पाण्याचा पेला उचलून सगळं पाणी प्यायले. मग ताट थोडं पुढं सरकवलं.

पडदा बाजूला झाला आणि मच्छिंद्र आत आला. हातात कागद होता. त्यानं तो टेबलावर ठेवला, माझ्या ताटातला शिरा पाहिला आणि म्हणाला, "हे काय, गोड तसंच? बरोबर हाय, मीच भरवायचं." त्याचा आवाज नेहमीसारखा होता, पण डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. त्यानं तीन बोटांनी शिऱ्याचा घास उचलला आणि माझ्या तोंडाजवळ आणला. "घे आक्का. आईचं नाव घे अन् तोंड गोड कर."

मी त्याचं मनगट धरलं.

"आई किती दिवस आजारी होती?"

"सांगितलं की तुला."

"पुन्हा सांग."

"दोन... तशी अंगात कसकस हुती आधी. म्हातारं मानूस, चालायचंच."

"किती दिवस, मच्छिंद्र?"

त्याच्या बोटांतला शिरा टेबलावर पडला. त्यानं तो दुसऱ्या हातानं गोळा केला. "तात्यांचं काय ऐकतीस? त्यांना ऐकू बी येत न्हाई धड."

"त्यांना ऐकू येत नाही. बोलता येतं."

"आक्का, भायेर लोकं हायेत."

"माहीत आहे," मी म्हणाले. कागद आणि पिशवी घेतली आणि पडदा सारून बाहेर आले.

मच्छिंद्रची खुर्ची रिकामी होती. मी तिच्यावर बसले. पंख्याचा वारा लागला. आजूबाजूच्या टेबलांवरचं बोलणं एकेक करून थांबलं. एक व्यापारी घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला. तलाठ्यानं बूट मागे घेतले.

"बने, जेवलीस का?" तात्यांनी विचारलं.

मी मान हलवली आणि कागद वाचायला लागले. अक्षर तलाठ्याचं होतं, गिचमिड, पण वाचता येत होतं. मी बनुबाई, मयत गोजरबाई यांची मुलगी, जबाब लिहून देते की, माझे भाऊ यांनीच आमचे आईचा अखेरपर्यंत सांभाळ, सेवा व औषधपाणी केले असल्याने मी माझे हिश्शाचा हक्क राजीखुशीने सोडीत आहे, तरी त्यांचे एकट्याचे नाव लावण्यास माझी हरकत नाही.

"औषधपाणी कुठल्या डॉक्टरचं होतं?" मी विचारलं.

तलाठी मच्छिंद्रकडे पाहायला लागला. मच्छिंद्र पडद्याजवळ उभा होता, हाताला तूप लागलेलं.

"ती आपली लिहायची पद्धत असते, बाई," तलाठी समजुतीनं म्हणाला. "सगळ्याच जबाबांत असतं तसं. त्यात काही नसतं."

"डॉक्टर आला होता का?"

"गावठी औषध दिलं," मच्छिंद्र म्हणाला. "काढा दिला. वैदूकडनं आनलं हुतं."

"एकवीस दिवस?"

सहादेवनं जाऊन ट्रान्झिस्टर बंद केला. त्याचा हेतू चांगला असेल, पण त्यामुळे आमचं बोलणं पार शेवटच्या टेबलापर्यंत जायला लागलं.

"असं करू," तलाठी म्हणाला. तो भांडणं मिटवण्यात मुरलेला माणूस होता. "ते वाक्य खोडून टाकतो. सांभाळ, सेवा, सगळं. फक्त हक्क सोडते एवढंच ठेवू. बाई शिकलेल्या आहेत, त्यांना खोटं लिहिलेलं पटायचं नाही, बरोबर आहे." त्यानं खिशातून पेन काढलं.

त्या वेळी मला एकदा वाटलं, होऊ द्यावं. ते वाक्य गेलं की उरेल त्यात खोटं काहीच नव्हतं. मळा मला नकोच होता. मच्छिंद्रची बायको छबू घरी वाट पाहत होती. तिनं माझ्यासाठी शेंगांची चटणी बांधून ठेवली होती ती मी विसरले म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत हाका मारत आली होती. दिवाळीला मला कुणी न्यायला येणार नाही. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि मग मी तात्यांकडे वळले. माझा वर्गातला आवाज मोठा आहे. शेवटच्या बाकापर्यंत जातो.

"तात्या! आई आणखी काय म्हणायची?"

"आँ?"

"आई! आजारात! आणखी काय म्हणायची!"

तात्यांचा चेहरा उजळला. त्यांना कुणी काही विचारतच नाही. "वैनी? लई काय न्हाई बोलायची. तुझंच. बनी आली की डोकं धुवून देईल म्हनायची. डोस्क्याला लई खाज सुटलीया म्हनायची, केसाची जट झालीया, बनीच्या हातानं निघंल ती. पर पानी कुठं हुतं, पोरी? प्यायाला न्हाई तर डोकं कुठनं धुवायचं?" त्यांनी मान हलवली. "मग तसंच गेलं ते."

दर सुट्टीत गेले की पहिल्या दिवशी मी आईचं डोकं धुवायची. रिठे आदल्या रात्री भिजत घातलेले असायचे. ती डोळे मिटून बसायची आणि मी नगरच्या गोष्टी सांगायची.

मी पेनचं टोपण काढलं. तलाठ्याला वाटलं सही करते. त्यानं बोटानं जागा दाखवली. मी त्या जागेच्या खाली, शाळेच्या फळ्यावर लिहिते त्या अक्षरात, सावकाश लिहिलं: 'वरील मजकूर मला मान्य नाही. माझी आई एकवीस दिवस आजारी होती. ती मला बोलवा म्हणत होती. मला कळवले नाही. आई खुशाल आहे असे कार्ड पाठवले. डॉक्टर आणला नाही. मी माझा हिस्सा सोडत नाही.' मग सही केली. तारीख घातली.

तलाठ्यानं ते वाचलं आणि कागद दोन बोटांनी धरून ठेवला.

"बाई, हे असलं जबाबात घालता येत नाही."

"घातलं आहे."

"मग ही तक्रारी नोंद होईल. तहसीलदारांपुढं जाईल. तारखा पडतील. वर्ष, दीड वर्ष. दोघांनाही हेलपाटे."

"पडू देत. मी येईन."

मच्छिंद्र टेबलाशी आला. त्याचा चेहरा काळवंडला होता. "आक्का, तुला काय करायचीय जमीन?"

"काही नाही."

"कसनार हायेस का?"

"नाही."

"मग?"

"नाव राहू दे माझं. उताऱ्यावर तुझ्या नावाखाली. काढशील तेव्हा दर वेळी वाच."

"झाली का सही?" तात्यांनी विचारलं.

"झाली, तात्या," तलाठी पुटपुटला.

"आँ?"

"झाली!"

"मग गोड द्या पोरीला," तात्या म्हणाले, आणि तलाठ्याच्या वाट्याचा शिरा, जो त्यांनी स्वतःसाठी मागून घेतला होता, तो वाटीसकट माझ्यापुढं सरकवला. त्यांच्यावर मला रागावता आलं नाही. बाकी सगळ्यांवर आला, अगदी त्या वाटीवरसुद्धा. मी उठले. सहादेवला जेवणाचे पैसे विचारले तर त्यानं दोन्ही हात जोडून मान हलवली.

गाडीला अर्धा तास होता. फाट्यावरच्या बाभळीखाली सावली अशी नव्हतीच. थोड्या वेळानं मच्छिंद्र आला आणि माझ्यापासून चार हातांवर उभा राहिला. त्यानं बिडी पेटवली, दोन झुरके मारून विझवली.

"मरंल असं वाटलं न्हवतं," तो म्हणाला. "खरंच सांगतो. म्हटलं, उठंल आठ दिवसांत. मग धा झाले. मग कसं कळवायचं? आधी का न्हाई कळवलं म्हनली असतीस. मग रोज उद्यावर गेलं."

खडी फोडणाऱ्या बायांचे आवाज येत होते. हे खरंही असेल. पण तात्या म्हणाले तेही खरं होतं, आणि हे त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं.

मी बोलत नाही हे पाहून त्याला राग आला.

"अन् तू? तू दिवाळीपासनं फिरकली न्हाईस. नगरास्नं रोजच्या चार गाड्या हायेत, त्या तवा न्हवत्या का? संक्रांत झाली. आई वाटंकडं बघायची. आईकडं याया बोलावनं लागतंय व्हय?"

हे त्यानं मला दुखवायला म्हटलं आणि मी दुखावले. दिवाळीनंतर मी गेले नव्हते. संक्रांतीला शाळेचं स्नेहसंमेलन होतं, मग सराव परीक्षा, मग आणखी काही. सगळी कारणं खरी होती. लांबवर धूळ दिसायला लागली. गाडी येत होती.

"नाही लागत बोलावणं," मी म्हणाले. "मी यायला हवं होतं. ते माझं मी बघेन. तुझं तू तहसीलदारापुढं सांग."

"सख्खा भाऊ हाय मी तुझा."

"तेही सांग."

गाडी थांबली. धुळीनं आम्हा दोघांनाही क्षणभर काही दिसलं नाही. दर वेळी मला पोचवायला आला की तो आधी गाडीत चढतो, जागा धरतो, माझी पिशवी वर ठेवतो आणि गाडी सुटताना उतरतो. सवयीनं त्यानं पिशवी उचललीही होती आणि एक पाय पायरीवर ठेवला होता. मी पिशवी त्याच्या हातातून काढून घेतली, तो बाजूला होईपर्यंत थांबले, आणि गाडीत चढले.